शनिवारी गळणारा फ्रीज

लेकीच्या घरचा फ्रीज फक्त शनिवारी गळतो, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. तोवर मी त्याची पाठ उघडून, आतला एक भाग काढून, त्या जागी नवा बसवून, वर जावयाची शाबासकीही पदरात पाडून घेतली होती.

गाव एडिसन, न्यू जर्सी. सहा महिन्यांसाठी गेले होते. फ्रीज तिथल्या घरांत असतो तसा, उभ्या दोन दारांचा. डाव्या दारात एक कोनाडा. त्यात पेला दाबला की पाणी येतं आणि दुसरं बटण दाबून पेला लावला की खडखड करत बर्फ पडतो. हा देश बर्फाचा पहिल्यापासूनच शौकीन. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तळ्यांतला बर्फ कापून ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याला धाडला होता. चार महिने समुद्रावर काढूनही त्यातला बराच बर्फ शाबूत उतरला. पुढे मुंबईतही हा अमेरिकन बर्फ येत राहिला. घरच्या फ्रीजमध्ये आपोआप बर्फ बनवणारं यंत्र सर्व्हेल कंपनीने १९५३ च्या सुमारास बाजारात आणलं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५८ साली, आपल्याकडे गोदरेजने पहिला भारतीय फ्रीज काढला. बर्फासाठी आपण मात्र पुढची कितीतरी वर्षं ॲल्युमिनियमचा ट्रे नळाखाली धरून आपटतच राहिलो.

तर जुलैमधल्या एका रविवारी सकाळी नातीने सरबतासाठी बर्फाची पेटी ओढली, ती निघेना. जावयाने दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा कडकन आवाज होऊन ती सुटली. आतले सगळे खडे एकमेकांना चिकटून एकच ढेप झालेली. पेटीखाली बर्फाचा पापुद्रा, आणि मागच्या भिंतीवर मेणबत्तीचे ओघळ उतरावेत तसा बर्फ. दुरुस्तीवाल्यांना फोन केला. नुसतं येऊन बघायचे सव्वाशे डॉलर आणि तारीख पुढच्या गुरुवारची.

“आई, तू त्यात पडू नकोस,” लेक म्हणाली. मी कधीच पडले होते.

मी टेलिफोन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. पहिली काही वर्षं स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे एकेका खोलीत हजारो रिले अखंड टकटकत असायचे. रिले म्हणजे दुसरं काय, तारेचं एक वेटोळं आणि त्याने ओढला जाणारा लोखंडी तुकडा. कॉइल गेली की नाही हे मीटर लावून बघायचं, संपर्काची टोकं पुसायची आणि पुढच्या रॅककडे वळायचं. त्या खोलीने मला एक सवय लावली, आधी मोजायचं आणि मग हात घालायचा. एडिसनला मी मोजलं खरं. अर्धंच मोजलं.

फ्रीजच्या पाठीमागे, अगदी तळाशी, पाव इंची नळी जिथे आत शिरते तिथे मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा ठोकळा असतो. वॉटर इनलेट व्हॉल्व्ह. आपल्याकडे मेकॅनिक त्याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात, आणि कपडे धुण्याच्या ऑटोमॅटिक मशीनमधला त्याचा भाऊ आपल्या घरोघरी आहे. ठोकळ्यावर एक किंवा दोन कॉइल बसवलेल्या असतात, एक बर्फासाठी, एक प्यायच्या पाण्यासाठी. अशा कॉइलला सॉलेनॉइड म्हणतात. हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअरने ग्रीकमधून घडवला, आणि त्याचा अर्थच ‘नळीसारखा’. त्याच्या डोळ्यांसमोर तारेचं वेटोळं होतं. पुढे ते खरोखरच नळीच्या तोंडाशी जाऊन बसेल, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार.

सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, की वीज गेली की स्प्रिंग खाली येते आणि बुचासारखं पाणी बंद करते. एवढीशी स्प्रिंग, आणि नळातलं पाणी तिला उचलून बाजूला करणार नाही? करेलच. म्हणून इथे युक्ती वेगळी आहे. पाण्याच्या वाटेवर रबराचा एक गोल पडदा असतो. त्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक आणि मधोमध त्याहून जरा मोठं दुसरं भोक. मधल्या भोकावर एक पोलादी दांडा टेकलेला असतो, आणि ती स्प्रिंग फक्त या दांड्याला धरून ठेवते. पाणी खालून येतं, कडेच्या भोकातून हळूच पडद्याच्या वर जातं आणि तिथे साठतं. आता वर-खाली दाब सारखाच, पण वरून तो पूर्ण पडद्यावर पडतो, खालून फक्त कडेच्या कड्यावर. त्यामुळे वरचं पाणी जिंकतं आणि पडदा खाली दाबून धरतं. कॉइलला वीज मिळाली की दांडा उचलला जातो, मधलं भोक मोकळं होतं, वरचं पाणी त्यातून निघून जातं आणि खालचं पाणी पडद्याला उचलून वाट काढतं. वीज इथे चिमूटभर काम करते. दार उघडतं ते पाणी आणि लावतं तेही पाणीच.

पुण्याच्या माणसाला हे परकं वाटू नये. खडकवासल्याच्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वतः कल्पिलेली स्वयंचलित दारं बसवली होती. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की ती आपोआप उघडायची, उतरलं की मिटायची. चाक फिरवायला माणूस नको. हे मी शाळेत शिकले, पुढे नोकरीत असताना तिथे सहलीलाही गेले. आणि तरी एडिसनच्या त्या स्वयंपाकघरात, ऐन गरजेच्या वेळी, यातलं अर्धं विसरले.

पुढच्या शनिवारी रात्री सगळी आवराआवर झाल्यावर फ्रीजरमधून बर्फाची पेटी काढून ठेवली आणि टॉर्च लावून आत बघत बसले. बर्फाच्या साच्यात पाणी सोडणारी एक पांढरी नळी मागून येते. अमेरिकेत वर्षानुवर्षं घराघरांत चाललेलं एक बर्फयंत्र आहे, त्यात वॉल साडेसात सेकंद उघडतो आणि साच्यात सुमारे १४० मिलिलीटर पाणी पडतं. पाणी गोठलं की खालचा हीटर साचा जरासा तापवतो, खडे सुटतात, पुन्हा साडेसात सेकंद. या दोन वेळांच्या मध्ये नळीच्या टोकाला थेंब दिसता कामा नये. मला दिसला. फुगला, लोंबला, पडला. दहा-बारा सेकंदांनी दुसरा.

तेव्हा करायची परीक्षा एकच, आणि ती इतकी साधी आहे की मीटरसुद्धा लागत नाही. फ्रीजचा प्लग काढायचा. थेंब थांबले तर वॉलचा दोष नाही, त्याला कोणीतरी नको तेव्हा वीज पुरवतंय. मग कंट्रोलचा बोर्ड किंवा बर्फयंत्राचा स्विच तपासायचा. प्लग काढूनही थेंब पडत राहिले तर विजेचा संबंध संपला. मी प्लग काढला, घड्याळ लावून पाच मिनिटं बघत राहिले. थेंब पडतच होते.

दुसऱ्या दिवशी फ्रीज ओढला. लाकडी जमीन, म्हणून पायांखाली पुठ्ठे सरकवले. पाठीचं पातळ झाकण काढून वॉलच्या दोन्ही कॉइलच्या तारा सोडवल्या आणि मीटर लावला. एकीचा रोध ३१२ ओहम, दुसरीचा ३०५. तिथल्या १२० व्होल्टच्या कॉइलसाठी दोनशे ते पाचशेच्या मधला आकडा ठीक समजतात. (आपल्या २३० व्होल्टच्या वॉशिंग मशीनच्या कॉइलवर हाच आकडा चार हजारांच्या आसपास येतो. तो बघून घाबरू नये.) कॉइल उडाली असती तर मीटरने हातच वर केले असते. म्हणजे कॉइल चांगल्या, वीज निर्दोष. उरला पडदा. रबर कडक झालं असेल नाहीतर कचरा अडकला असेल. निकाल लागला, असं मी जाहीर केलं.

भाग मिळवणं फारच सोपं गेलं. फ्रीजच्या आतल्या भिंतीवर मॉडेल नंबरची चिकटपट्टी असते. तो नंबर घातला की कंपनीचं सुट्या भागांचं चित्रच समोर येतं आणि वॉलवर बोट ठेवता येतं. बेचाळीस डॉलर. मंगळवारी खोकं दारात.

आता जो प्रकार मी केला तो कुणालाही जमेल असाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सिंकखालचा कॉक बंद केला. दारातून पेलाभर पाणी काढून नळीतला दाब सोडला, मग प्लग काढला. तरी वॉल सोडवताना वाटीभर पाणी सांडतंच, म्हणून खाली जुना टॉवेल. तारांना हात लावण्याआधी दोनदा फोटो काढला, एक लांबून, एक इतक्या जवळून की कुठल्या रंगाची तार कुठल्या कॉइलला ते वाचता यावं. हा फोटो काढायला विसरलेल्या माणसाच्या फ्रीजमध्ये प्यायच्या पाण्याचं बटण दाबल्यावर बर्फाच्या साच्यात पाणी जातं. येणाऱ्या नळीचा पितळी नट सोडवायला दोन पाने लागतात, एकाने वॉलची बाजू धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर नट जागच्या जागी राहतो आणि आख्खा ठोकळाच पिळला जातो. जाणाऱ्या नळ्या नुसत्या खोचलेल्या असतात. त्यांच्या गळ्यातली छोटी कडी नखाने वॉलकडे दाबून धरायची आणि मग नळी ओढायची. कडी न दाबता ओढलं तर जितकं ओढाल तितकी ती घट्ट होते. ही नळी मी जावयाला ओढायला दिली. त्याने आधी ओढली आणि मग कडी दाबली.

“आई, ही आतच अडकलीय.”

“सोड. आत ढकल जरा. हं, आता दाब आणि ओढ.”

नवा वॉल बसवताना नळीचं टोक नव्या पात्याने सरळ कापलं, तिरकं कापलं तर आतल्या रबरी रिंगला चीर पडते. पेन्सिलीने खूण केली आणि ती खूण दिसेनाशी होईपर्यंत नळी आत दाबली. पितळी नट आधी हाताने घट्ट, मग पान्याने अर्धा फेरा. टेफलॉनची टेप नाही. अशा नटाच्या आतलं पितळी कडंच नळी आवळतं, टेप उलट त्याच्या आड येते. कॉक उघडला आणि प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवला. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदाला कळतो. हवा निघून जाईपर्यंत दारातून पाणी काढून झाडांना घातलं आणि पहिल्या दिवसाचा सगळा बर्फ फेकून दिला. अडीच तास लागले. त्यातला अर्धा तास सिंकखाली पडलेला स्क्रू शोधण्यात.

बुधवार कोरडा. गुरुवार, शुक्रवार कोरडे. शनिवारीसुद्धा कोरडा. लेकीने तिच्या मैत्रिणींच्या गटात माझा पान्यासकट फोटो टाकला.

पुढच्या शनिवारी रात्री साडेदहाला नवा वॉल गळत होता.

नवा भागच खराब निघाला असं म्हणायचा मोह अनावर होतो. म्हणाले असते तर आणखी बेचाळीस डॉलर गेले असते. पण एक्स्चेंजमध्ये आमचे साहेब म्हणायचे, एकच दोष दोन रिलेंमध्ये दिसला तर रिले सोडा, बॅटरीकडे बघा. मी मधल्या शनिवारकडे बघितलं. त्या शनिवारी का गळला नाही? कारण त्या दिवशी पाऊस होता. पावसाचा आणि फ्रीजचा काय संबंध? पाऊस म्हणून ढोल-ताशाचा सराव रद्द झाला होता.

गणपतीच्या मिरवणुकीसाठी तिकडच्या पथकाचे सराव जुलैपासून शनिवारी चालतात, आणि सरावानंतर दहा-बारा जणं लेकीकडे जेवायला. घामाघूम होऊन आलेला प्रत्येकजण आधी बाटली भरणार. मग भात, आमटी, कुकर, दोनदा चहा. हे सगळं पाणी आरओचं. तिथला आरओ आपल्यासारखा भिंतीवर टांगलेला नसतो, सिंकखाली असतो, शेजारी फुटबॉलहून मोठी गोल टाकी. टाकीत रबरी फुगा आणि फुग्यामागे हवा. आरओ थेंबाथेंबाने टाकी भरतो तशी हवा दाबली जाते, आणि तोटी उघडली की तीच हवा पाणी ढकलते. टाकी भरलेली असताना जोर चांगला असतो, रिकामी होत आली की तो सात-आठ पीएसआयपर्यंत उतरतो. पीएसआय म्हणजे तेच, जे मोटारीच्या टायरमध्ये आपण तीसच्या आसपास भरून घेतो. फ्रीजची नळी याच टाकीवर जोडलेली होती.

हार्डवेअरच्या दुकानातून दाब मोजायचा एक काटा आणला. घराच्या मुख्य नळावर ५६. फ्रीजच्या नळीवर बुधवारी दुपारी ३४. शनिवारी पथक जेवून गेल्यावर, रात्री साडेनऊला, ११. वॉलबरोबर आलेल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, दाब २० ते १२० पीएसआय. तो कागद मी खोक्यातच ठेवला होता.

पाण्यानेच लावायचं दार, आणि पाण्यात जोर नाही. पडद्याला वरून दाबून धरणारं पाणीच दमलेलं, मग पडदा बैठकीवर नीट टेकणार कसा? गळती दिसली की आपल्याला वाटतं पाण्याचा जोर जास्त झाला, कॉक जरा कमी करावा. इथे कॉक कमी केला असता तर गळती वाढली असती. पहाटेपर्यंत आरओ टाकी भरायचा, दाब चढायचा, थेंब थांबायचे आणि रविवारी सकाळी फक्त बर्फाची ढेप उरायची. प्लग काढायची परीक्षा चुकीची नव्हती. विजेचा दोष नाही, एवढंच ती सांगत होती. वॉलचा दोष आहे, हे माझ्या पदरचं.

दुरुस्तीला वीस मिनिटं पुरली. फ्रीजची नळी आरओवरून काढून सिंकखालच्या थंड पाण्याच्या मुख्य नळीवर जोडली. फ्रीजमध्ये स्वतःचा फिल्टर असतोच, सहा महिन्यांनी बदलायचा. ज्यांना आरओचंच पाणी हवं त्यांना दाब वाढवणारा छोटा पंप लावता येतो. पुढच्या शनिवारी चौदा जण जेवले, दोन ढोल दिवाणखान्यात आडवे पडले होते. साच्यावर थेंब नाही.

सध्या दुरुस्तीच्या हक्काची बरीच चर्चा आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात तसे कायदे जुलै २०२४ पासून लागू आहेत. चांगलंच आहे. नळाच्या तोटीचं वायसर बदलायलाही पूर्ण तोटी घ्या म्हणणाऱ्या काळात हा हक्क हवाच. पण सुटा भाग दोन दिवसांत दारात येतो म्हणूनच मी तो इतक्या चटकन बदलला, हेही खरं. मिळायला महिना लागला असता तर मी शनिवार मोजले असते.

जुना वॉल मी बॅगेत घालून पुण्याला आणला. का, ते लेकीलाही सांगता आलं नाही.

आमच्या कोथरूडच्या इमारतीच्या तळमजल्यावर वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. आत दोन उघडी मशीन, टेबलावर सोल्डरिंगची गन आणि नीट धुऊन वाळवलेले जुने वॉल भरलेला बिस्किटाचा डबा. सुटे भाग तो बुधवार पेठेतून आणतो. ‘मशीन पाणी घेत नाही’ ही तक्रार आली की आधी नळीच्या तोंडाची जाळी काढतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की तिच्यात रेती भरते. मग नळी बादलीत सोडून भरायला किती वेळ लागतो ते बघतो. त्यानंतरच मशीनला हात लावतो.

“निम्म्या घरात वॉलचं काही नसतंच ताई,” तो म्हणाला. “प्रेशरच नसतं. पण लोकांना काहीतरी बदलून पाहिजे. नुसतं सांगून पैसे घेतले तर म्हणतात, केलं काय याने?”

त्याने माझ्या वॉलचे स्क्रू काढून रबरी पडदा तळहातावर ठेवला. काळा, मऊ, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. कडेचं भोक त्याने उजेडाकडे धरून दाखवलं. वाकवला, ताणला, सोडला, परत सपाट. कुठे चीर नाही, कचऱ्याचा कण नाही. “याला काय धाड भरलीय?” असं म्हणून त्याने तो पुन्हा जोडला. तिथली नळी पाव इंची, आपल्या आरओचीही पाव इंचीच. दुकानातल्या तोटीला एक तुकडा लावून त्याने वॉल त्यावर चढवला. आमच्या इमारतीची टाकी गच्चीवर, सात मजले वर. तीन मीटरला एक मजला धरला तर एकवीस मीटर, आणि दर दहा मीटरला साधारण चौदा पीएसआय. तळमजल्यावर तीसच्या आसपास आलेच. तोटी उघडली. वॉलच्या तोंडाखाली त्याने वर्तमानपत्राचा कागद धरला. आम्ही दोघं बघत राहिलो. कागद कोरडा.

“तुमचं मशीन पाणी हळू घेतं म्हणून मागे दोनदा तक्रार होती ना तुमची?”

“होती.”

“तुम्ही राहता सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकीच्या खाली.”

तो उठला, वॉल आणि नळीचा तुकडा घेतला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आला. वर आमच्या मोरीतल्या तोटीला त्याने तोच वॉल तसाच जोडला. टाकी डोक्यावर जेमतेम एक मजला, म्हणजे चार पीएसआय. मी खाली स्टीलची वाटी ठेवली. तोटी उघडली. काही सेकंद काहीच झालं नाही. मग वॉलच्या तोंडाशी थेंब फुगला, लोंबला आणि वाटीत टण् वाजला.